ताईच्या खिशातला दाणा

मी जुना आहे, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहून कुणाला तसे वाटत नाही. मी अजून पांढराशुभ्र आहे. आकाराने बारीक मिठाच्या कणाहूनही लहान. बोटभर लांबीच्या एका काचेच्या नळीत माझ्यासारखे चमचाभर दाणे आहेत, त्यांतलाच मी एक. नळीची दोन्ही टोके काच वितळवून कायमची बंद केलेली आहेत. एका घरातल्या फळीवर, एका जुन्या चष्म्याशेजारी ही नळी आडवी ठेवलेली असते. घरी येणारे पाहुणे ती उचलून बघतात आणि विचारतात, "हे काय, मीठ का?" मला मीठ म्हटलेले मुळीच खपत नाही. मी उत्प्रेरक आहे.

उत्प्रेरक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरी बोलणी करतो, आणि लग्न लागले की टोपी सावरत तिसऱ्या घरी जातो. आमचे तसेच असते. आमच्यामुळे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होतो, पण आम्ही त्यात खर्ची पडत नाही. झिओलाइट नावाचे एक खानदानी घराणे आहे. त्यातले खडे वरून भरीव आणि आतून खोल्याखोल्यांचे असतात. मी त्यांचा चुलत भाऊ. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे आमच्या घराण्याबद्दल बोलले जाते. माझी मात्र कीर्ती झाली नाही. ती का झाली नाही, हेच सांगायला मी आज बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या प्रयोगशाळेत झाला. लांबट खोली, पत्र्याचे छप्पर, भिंतीला लागून पोलादी टेबले, एका कोपऱ्यात भट्टी. खिडकीत चहाचे दोन कप असायचे आणि त्यांतल्या एकाचा कान तुटलेला होता. तो कप ताईचा. मला घडवणारी रसायनतज्ज्ञ ती. तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच भट्टी सांभाळायचा आणि तिला ताई म्हणायचा, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच तिला ताई म्हणू लागले. ती भावाला "धाकट्या" अशी हाक मारायची, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणायचे. त्याचे केस पिकायला लागले होते, मुलगी लग्नाला आली होती, तरी तो आपला धाकटाच.

धाकटा पूर्वी मडकी, बरण्या आणि कपबश्या भाजणाऱ्या कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा ताईने साहेबांना गळ घालून त्याला इथे आणले होते. "भट्टीतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं," असे तिने सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. मडक्याच्या भट्टीपुरते तर मुळीच खोटे नव्हते.

ताईने माझ्यासाठी फॉस्फोरिक आम्ल, ॲल्युमिनाची भुकटी आणि सिलिकाचे दुधी पाणी एकत्र ढवळले. खळीसारखे दाट मिश्रण झाले. मग तिने त्यात आणखी एक द्रव ओतला. त्याला ती साचा म्हणायची. या साच्याला शिळ्या मासळीसारखा वास होता. तो हातांना, केसांना, अगदी चहाच्या कपालाही लागायचा.

"ताई, आज घरी जाताना तुझ्यामागे मांजरांची रांग लागणार बघ," धाकटा नाक दाबून म्हणाला.

"लागू दे. तुझ्यामागे तर तेवढीही लागत नाही," ताई म्हणाली, आणि ढवळत राहिली.

पोलादाच्या बंद भांड्यात आम्हाला गरम ओव्हनमध्ये ठेवले गेले. त्या काळोखात मी उभा राहिलो. आधी साच्याचा एकेक रेणू जागा धरून बसला आणि मग त्याच्याभोवती माझ्या भिंती चढल्या. आधी माणूस बसवायचा आणि मागाहून त्याच्याभोवती खोली बांधायची, असा हा उलटा धंदा. पण त्यामुळेच माझी प्रत्येक खोली सारखी झाली आणि प्रत्येक खोलीची खिडकी सारखीच लहान. पुढे धुणे झाले, वाळवणे झाले, चिकणमातीत कालवणे झाले, आणि गरम हवेत फवारून आमचे गोल दाणे केले गेले. पिंपेच्या पिंपे भरली. इतकी भावंडे एकदम मिळण्याचे सुख तुम्हाला सांगून कळायचे नाही.

आता ताईची एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच फिरणार आहे. भिंती उभ्या राहिल्या की साच्याचे काम संपते. मग दाणे भट्टीत भाजून साचा जाळून टाकायचा असतो, म्हणजे खोल्या मोकळ्या होतात आणि कामाला येतात. पण ताई हे भाजणे कधीच लवकर करायची नाही. पिंपांतला माल ती कच्चाच ठेवायची, आत साचा भरलेला, मासळीसारखा वास येणारा. दाणे रिॲक्टरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या बंद टाकीत, भरायचे ठरले की आदल्या दिवशी भट्टी पेटायची, त्याआधी नाही.

याचे कारण आमच्या स्वभावात आहे. आम्हाला आग सोसते. कामाच्या वेळची तापलेली वाफही सोसते. सोसत नाही ती थंड ओल. साचा आत बसलेला असला की ओल आत शिरू शकत नाही. साचा गेला आणि खोल्या उघड्या पडल्या की साध्या दमट हवेतली ओल आत येऊन बसते आणि हळूहळू भिंती सोडवत जाते. वरून काहीच दिसत नाही. दाणा तसाच पांढरा, तसाच गोल. आतले घर मात्र बसलेले असते.

ताईला हे ठाऊक होते. धाकट्याला तिने रीत सांगितली होती, पण रीतीमागचे कारण कधी सांगितले नव्हते. सांगायची वेळच आली नव्हती. भट्टी पेटवायची की नाही हे विचारायला ती रोज समोर असायचीच.

पिंपांतून चमचाभर दाणे पहिल्या चाचणीसाठी काढले, त्यांत मी होतो. धाकट्याने मला भट्टीत भाजले. आत बसलेला साचा जळून गेला, मला थोडे एकटे वाटले, पण खोल्या जशा बांधल्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, अगदी तसे. मग आम्हाला एका बारीक नळीसारख्या छोट्या रिॲक्टरमध्ये भरले आणि वरून मिथेनॉलची वाफ सोडली.

मित्रांनो, मी काम कसे करतो ते ऐका. मिथेनॉल माझ्या खिडक्यांतून सहज आत येतो. आत त्याचे तोडणे-जोडणे सुरू होते. लहान, हलके वायू तयार होतात, इथिलीन आणि प्रॉपिलीन, आणि ते खिडकीतून निसटून जातात. मोठे, अवजड रेणूही तयार होतात, पण त्यांना खिडकी पुरत नाही. ते आतच अडकतात आणि काम चालू ठेवायला मदत करतात. पुढे त्यांचीच काजळी साचते, मी काळा पडतो, आणि दम लागल्यासारखा थांबतो. मग गरम हवा सोडून ती काजळी जाळायची, की मी पुन्हा पांढरा आणि पुन्हा कामावर. बाहेर पडलेल्या त्या हलक्या वायूंपासून प्लॅस्टिक बनते. तुमच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणे, दवाखान्यातल्या सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, असे पुष्कळ काही.

त्या पहिल्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर इथिलीनची रेघ वर चढली. चढतच गेली. ताई उभी होती ती मागे सरकून स्टुलावर बसली. "धाकट्या, चहा टाक," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. मोठे साहेब आले, त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. काळे व्हायचे, भाजून घ्यायचे, पुन्हा पांढरे व्हायचे, असे आम्ही कितीतरी वेळा केले आणि दरवेळी तेवढेच चांगले काम दिले. साहेब म्हणाले, "ताई, मोठ्या रिॲक्टरची एक पाळी तुम्हाला देतो. पण एकच हं. बाहेरच्या कंपनीचा मालही चाचणीला यायचाय. तुमचा चालला तर तुमचाच घ्यायचा, हा माझा शब्द."

ताईचे सगळे आयुष्य त्या एका पाळीत होते. तिला मूलबाळ नव्हते. नवरा बस चालवायचा, दिवसभर बाहेर असायचा. तरुणपणापासून ती ह्याच एका कृतीच्या मागे लागली होती. कधी खिडक्या मोठ्या व्हायच्या, कधी भिंती कच्च्या राहायच्या, कधी नुसताच चिखल निघायचा. लोक म्हणायचे, ताई पांढरा चिखल करते. आता कुठे घास तोंडाशी आला होता.

चाचणी संपल्यावर तिने आम्हाला शेवटचे भाजून घेतले आणि गरम असतानाच काचेच्या नळीत भरून बर्नरच्या ज्योतीवर तोंडे बंद केली. "हा आपला साक्षीदार," ती धाकट्याला म्हणाली. "पुढेमागे काही वाद निघाला, तर ह्याला विचारायचं. हा खोटं बोलणार नाही." मी फुगून गेलो. पिंपांतल्या भावंडांपेक्षा आपण कोणीतरी विशेष आहोत असे मला वाटले. मला तिच्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्यात जागा मिळाली. तिथून भट्टी समोर दिसायची.

आणि मग ताई आजारी पडली. आधी ती जिना चढताना थांबू लागली. मग चहा अर्धाच पिऊ लागली. एक दिवस तिचा नवरा आपल्या खाकी गणवेशातच तिला न्यायला आला. त्याला धाकटा भाऊजी म्हणायचा. दारातून वळून ताई म्हणाली, "धाकट्या, पिंपांकडे लक्ष ठेव. मी येते पंधरवड्यात."

पंधरवड्यात ती आली नाही. शस्त्रक्रिया झाली, तिच्यामागून आणखी एक झाली. बाहेर हवा बदलली. आभाळ गळू लागले, पत्र्यावर सतत टपटप चालू झाली, दारे फुगून लागेनाशी झाली, काडेपेटीतली काडी ओढली की नुसती घासली जायची. धाकटा रोज पिंपांभोवती फिरायचा. झाकणावर हात ठेवायचा, भिंतीची ओल बोटाने बघायचा. दुष्काळात तेरावा महिना, असे तो स्वतःशीच म्हणायचा. बहीण तिकडे दवाखान्यात, आणि तिचा आयुष्यभराचा माल इकडे ओलीत.

त्याने मडक्याच्या भट्टीवर जन्म काढला होता, मित्रांनो. कच्चे मडके पाण्यात विरघळते. भाजलेले मडके पिढ्यान्‌पिढ्या पाणी धरते. हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवले होते, आणि ते खरेच आहे. मातीच्या कुठल्याही वस्तूबद्दल खरे आहे. फक्त आमच्याबद्दल खरे नाही.

एका सकाळी त्याने भट्टी पेटवली.

मी पेन्सिलींच्या डब्यातून पाहत होतो. एकेक पिंप रिकामे होत होते, ट्रे भरून आत जात होते. धुराड्यातून मासळीचा तो ओळखीचा वास गेला. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे नको, कच्चेच राहू दे, कच्चे आहेत म्हणून तर वाचले आहेत! पण दाण्याला कुठला आवाज? धाकट्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "ये म्हणावं ताईला आता. सगळं तयार आहे." भाजलेला माल सावकाश निववायचा, कोंडायचा नाही, हेही त्याच्या जुन्या भट्टीवरचेच शिक्षण. म्हणून त्याने पिंपांची झाकणे घट्ट लावली नाहीत. वर स्वच्छ फडकी टाकली आणि झाकणे नुसती टेकवून ठेवली. ती तशीच राहिली.

आठवडे गेले, मग महिने. ओल त्या फडक्यांतून आत उतरत राहिली. माझी भावंडे तिथे, खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी, एकेक भिंत सोडत होती आणि वरून पांढरीच्या पांढरी दिसत होती. मी काचेत सुरक्षित होतो. सुरक्षित असण्याचाही एवढा जाच होऊ शकतो, हे मला तेव्हा कळले.

ताई परत आली तेव्हा तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि चष्मा नाकावरून घसरत होता, इतका चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी तिला घरीच राहायला सांगितले होते. पण रिॲक्टरची पाळी आली होती. धाकट्याने खुर्ची पुढे केली, तिच्या कानतुटक्या कपात चहा दिला. ती बसली नाही. सरळ पिंपांकडे गेली, झाकण उचलले, फडके बाजूला केले आणि वाकून वास घेतला.

वास नव्हता.

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाजलंस?"

"हो, सगळं!" धाकटा खुलून म्हणाला. "तू गेलीस आणि हवा बिघडली. म्हटलं, कच्चा माल आहे, ओल धरेल, तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं पाणी होईल. एकट्याने भाजलं, ताई. कुणाला हात लावू दिला नाही."

"कधी भाजलंस?"

"झाले की पुष्कळ दिवस. तू काळजी करू नकोस. एकदम कडक भाजलंय."

ताईने झाकण परत ठेवले. या वेळी तिने ते दोन्ही हातांनी दाबून घट्ट बसवले, आता काही उपयोग नव्हता तरी. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले, ती आता बोलणार. ती म्हणाली, "बरं केलंस." आणि टेबलाशी येऊन तिने मला पेन्सिलींच्या डब्यातून उचलले आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकले. खिशाची शिवण जरा उसवलेली होती, त्यातून मला बाहेरचे दिसायचे.

तिने साहेबांकडे वेळ मागून पाहिली. नवीन माल करते म्हणाली. साहेब वाईट नव्हते, पण त्यांचेही हात बांधलेले होते. "ताई, परवा बाहेरच्या कंपनीचे लोक येतायत. त्यानंतर रिॲक्टर वर्षभर रिकामा नाही. आणि तुम्ही..." ताईजवळ वर्षभराचा वेळ नव्हता, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते.

"मग भरा," ताई म्हणाली. कदाचित थोडे दाणे वाचले असतील, अशी तिला आशा असेल. मलाही होती.

मोठा रिॲक्टर तापला. माझी भावंडे त्यात गेली. वरून मिथेनॉलची वाफ सुटली आणि सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. रेघ जरा उचलली आणि खाली बसली. परत उचललीच नाही. जो मिथेनॉल वरून गेला होता, तो जवळजवळ तसाच खालून बाहेर येत होता. तापमान वाढवून पाहिले, प्रवाह कमी करून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. धाकटा व्हॉल्व्हपाशी उभा होता. त्याची मूठ व्हॉल्व्हच्या चाकावर आवळलेली होती.

साहेबांनी पडदा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "ताई, असं कसं झालं? छोट्या नळीत तर उत्तम चाललं होतं. तुमच्याकडे त्या वेळचा नमुना आहे ना, बंद करून ठेवलेला? तो आणा. आता घालून बघू."

मित्रांनो, ज्या क्षणासाठी मला काचेत बंद केले होते, तो हाच क्षण. मी तिच्या खिशात होतो. मला बाहेर काढून नळीचे टोक मोडायचे, एवढेच बाकी होते. मी काम करून दाखवले असते आणि साऱ्या जगाला कळले असते की ताईची कृती खरी आहे. पण मग साहेबांचा पुढचा प्रश्न एकच होता. नमुना चांगला, तर पिंपांतला माल कुणी बिघडवला? आणि ताई दवाखान्यात गेल्यापासून पिंपांना एकाच माणसाचा हात लागला होता.

ताईने खिशात हात घातला. तिची बोटे माझ्या नळीभोवती मिटली. बोटे थंड होती. तिने व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिले.

"तो संपला, साहेब," ती म्हणाली.

"संपला?"

"हो. तपासण्यांत वापरून टाकला. आणि तो तरी काय सांगणार? माझी कृतीच कच्ची होती. छोट्या नळीत जमलं, मोठ्यात नाही जमलं. होतं असं."

धाकटा रडू लागला. ताई त्याच्याजवळ गेली आणि त्याची मूठ चाकावरून सोडवली. "चल, चहा टाक," ती म्हणाली. मला मात्र त्या खिशात फार राग आला. मी अजून होतो, धडधाकट होतो, आणि माझ्याच आईने चारचौघांत मला संपवले होते.

त्या संध्याकाळी घरी तिने मला उशाशी ठेवले. भाऊजी तिचे पाय चेपत बसले होते. तिने त्यांना सगळे सांगितले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "त्याला सांगायला हवं होतंस गं. सगळे तुला नावं ठेवतील. म्हणतील, जन्मभर पांढरा चिखल केला."

"म्हणू देत. मला किती दिवस ऐकायचंय?" ताई म्हणाली. "त्याला अजून खूप जगायचंय. आणि कारण मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. भाजू नकोस म्हटलं, का ते नाही सांगितलं. त्याने जे केलं ते माझ्या काळजीपोटी केलं. ही गोष्ट त्याला कळली ना, तर तो पुन्हा कुठली भट्टी पेटवायचा नाही." तिने त्यांचा हात धरला. "तुम्हीही सांगायचं नाही. कधीच."

भाऊजींनी होकारार्थी मान हलवली आणि तोंड दुसरीकडे वळवले.

ताई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तिच्या हाताला लावलेली सलाइनची नळी मी उशाजवळून बघायचो. माझ्यासारख्याच कुणाच्या तरी खोल्यांतून निघालेल्या वायूची असेल ती. मला सारखे वाटायचे, निदान ही नळी तरी माझ्या हातची असती. ती गेली त्या दिवशी घरात खूप माणसे आली. कारखान्यातले लोक हळू आवाजात बोलत होते. बाई गुणी होती, पण शेवटचं काम फसलं, असे ते म्हणत होते.

दिवस उलटल्यावर भाऊजींनी तिचा चष्मा आणि मला धाकट्याच्या हातात ठेवले. "तिची आठवण," एवढेच ते म्हणाले. ही तीच नळी, साहेबांनी मागितलेली, हे धाकट्याच्या लक्षात आले नाही. ताईच्या टेबलावर काचेच्या नळ्या पुष्कळ असायच्या. आणि ताईने 'संपला' म्हटले होते, म्हणजे संपला. तिच्या शब्दावर शंका घेणे त्याला माहीतच नव्हते.

कारखान्यात बाहेरची पावडर आली आणि चालली. ताईची कृती कुणी पुन्हा केली नाही. मी या फळीवर आलो. पहिली काही वर्षे मी धाकट्यावर धुमसत काढली. तो मला रोज कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मी मनात म्हणायचो, आता पुसतोस होय! तेव्हा एक झाकण नीट लावले असतेस तर! एवढ्या प्रेमाने कुणाचे वाटोळे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. भाऊजी अधूनमधून यायचे. माझ्याकडे एकदा बघायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून जायचे. मग तेही यायचे थांबले. आता ही गोष्ट माहीत असलेला मीच एक उरलो आहे.

परवा धाकट्याची नात आली होती. लेकीची मुलगी. तो आता अगदी म्हातारा झाला आहे, पण पाठ ताठ आहे. गावातल्या कुंभारकामाच्या शाळेत तो अजून मुलांना भट्टी लावायला शिकवतो. नातीने मला फळीवरून काढून उजेडात धरले.

"आजोबा, हे मीठ आहे?"

"नाही गं. तुझ्या मोठ्या आजीची पावडर आहे. माझ्या ताईची. तिने स्वतः केलेली."

"काय करते ही?"

"मिथेनॉल म्हणून एक द्रव असतो, त्याचे वायू करायचे होते तिला. पण चालली नाही बिचारीची. फार हुशार होती ताई. एवढं एक काही जमलं नाही तिला."

मी काचेच्या आत पेटलो. जमलं नाही? तिला जमलं नाही?

"मग तू मदत नाही का केलीस?" नातीने विचारले.

"केली तर! ती दवाखान्यात होती ना, तेव्हा मी एकट्याने सगळा माल भाजून ठेवला. ती आली तेव्हा सगळं तयार होतं. मला म्हणाली, बरं केलंस." धाकट्याने नळी तिच्या हातातून घेतली आणि सदऱ्याला पुसली. "मी माझ्याकडून काही कमी पडू दिलं नाही बघ. तेवढं एक समाधान आहे."

त्याचा चेहरा अगदी शांत होता. मित्रांनो, त्या चेहऱ्याकडे बघताना माझा इतक्या वर्षांचा राग गळून पडला. हेच ते समाधान. ताईने आपले नाव देऊन, माझे काम देऊन, हेच त्याच्यासाठी मागे ठेवले होते. त्याच्या जोरावर तो दुसऱ्या दिवशी उठला, परत भट्टी पेटवली, लेकीचे लग्न केले, आणि आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो आहे. तिने केलेले सगळ्यांत मोठे काम मी नव्हतोच.

"उघडून बघू?" नात म्हणाली.

"नको. ताईने बंद केलंय ते," तो म्हणाला, आणि त्याने मला चष्म्याशेजारी ठेवून दिले.

माझ्या खोल्या अजून शाबूत आहेत. कुणी ही काच मोडली, मला तापवले आणि वरून मिथेनॉल सोडला, तर मी आजही ताईची रेघ वर नेऊन दाखवीन. पण कुणी विचारणार नाही, आणि आता विचारू नये असेच मला वाटते.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणे आहे. कुणाला 'हे करू नकोस' असे सांगाल, तेव्हा का करू नकोस तेही सांगा. तुम्ही रोज समोर असाल असे धरून चालू नका. आणि कधी या घरी आलात, आणि पिकल्या केसांच्या या म्हाताऱ्याने मला हातात देऊन 'चालली नाही बिचारीची' असे सांगितले, तर नुसती मान हलवा. त्याला काही बोलू नका. नळी जपून परत ठेवा, आणि मला हवे तर मीठ म्हणा.